विश्लेषण : गाडी कमी पळाली, तरी टायर जुना का होतो?

नारायण पेठेतल्या बऱ्याच इमारतींच्या पार्किंगमध्ये कव्हर घातलेल्या गाड्या आठवडाभर जागच्या हलत नाहीत. लक्ष्मी रस्ता, केळकर रस्ता ही अंतरं पायी किंवा दुचाकीवरच होतात. गाडी बाहेर निघते ती दिवाळीत, लग्नसराईत किंवा मे महिन्यात, आणि तेव्हा ती थेट मोठ्या महामार्गाला लागते. समृद्धी महामार्गावर कारसाठी वेगमर्यादा ताशी १२० किमी आहे. 'फार चालवलीच नाही, टायर नवेच आहेत' हा समज तिथे महागात पडू शकतो.

समृद्धीचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि ७०१ किमीचा पूर्ण मार्ग जून २०२५ मध्ये. अपघात वाढल्यावर परिवहन विभागाने २०२३ मध्ये तिथे टायरची तपासणी सुरू केली. घासलेले टायर असलेल्या गाड्यांना प्रवेश नाकारला गेला. मात्र टायर ही अनेकदा सोयीची सबबही असते. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला येणाऱ्या खासगी बसच्या अपघातात २५ जणांचा मृत्यू झाला. चालकाने टायर फुटल्याचं सांगितलं होतं, पण अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या अहवालाने ते फेटाळलं.

नियम काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार कारच्या टायरवरील खाचांची खोली किमान १.६ मिमी हवी. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. टायर घासून त्यांच्या पातळीला आला की बदलायचा. ओल्या रस्त्यावर चाकाखालचं पाणी या खाचांतूनच बाहेर पडतं. गोटा झालेला टायर पाण्यावर तरंगतो, मग ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही निकामी.

तपासणीत खोली मोजली जाते, पण रबराचं वय त्यात कळत नाही. ऊन, उष्णता आणि हवेने रबर उभ्या गाडीतही कडक होतं, बाजूला बारीक भेगा पडतात. टायरच्या कडेला चार आकडे असतात. '२३१९' म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनी, खाचा कितीही खोल असोत, बदलावा, असं टायर कंपन्याच सांगतात. नवा घेतानाही हे आकडे वाचा, दुकानात पडून राहिलेला माल गळ्यात पडू शकतो.

हवा, अदलाबदल आणि दोनच नवे टायर

हवा कमी असली की टायर जास्त दबतो, दर फेरीत वाकतो आणि तापतो. वेग आणि सामान वाढलं की तो फुटण्याचा धोका वाढतो. योग्य दाब चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर लिहिलेला असतो. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. दाब गार टायरमध्ये तपासायचा. (नायट्रोजनचं म्हणाल, तर साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच. दाब नियमित बघणं जास्त महत्त्वाचं.)

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते, म्हणून पुढचे टायर लवकर घासतात. साधारण ८ ते १० हजार किमीला पुढचे सरळ मागे आणि मागचे तिरके पुढे, अशी अदलाबदल करतात. बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर मात्र टायर त्याच बाजूला राहतो.

दोनच नवे घेतले तर ते कुठे? अनेकांना वाटतं पुढे, कारण स्टिअरिंग तिथे. उत्तर आहे मागे. पुढची पकड सुटली तर ते स्टिअरिंगला जाणवतं, वेग कमी केला की गाडी बहुधा सावरते. पावसात मागची सुटली तर गाडी गरकन फिरते आणि ती सावरणं सरावलेल्या चालकालाही कठीण जातं. दुकानात नवे टायर पुढे चढवत असतील, तर तिथेच थांबवा.

आणि डिकीतली स्टेपनी? तिच्यावरचेही चार आकडे बघा. ती कधीच चाललेली नसली, तरी वयाने गाडीइतकीच जुनी असते.