आधी गोठा, मग देखावा

पैनगंगेच्या दक्षिणेला, आदिलाबाद जिल्ह्यातलं जैनथ म्हणजे काळी माती आणि कपाशी. नांगरट आता ट्रॅक्टर करतो. पण उभ्या कपाशीच्या दोन तासांमधून डवरा ओढायला बैलजोडीच बरी. तरी घराची डागडुजी काढली की गोठ्याचा नंबर शेवटी लागतो. माझ्या मते तो पहिला लागावा. त्याला पैशांपेक्षा घरच्यांचे हात जास्त लागतात. खचलेल्या जागी मुरूम चोपायचा, मूत वाहून जाईल असा उतार द्यायचा, गव्हाण लिंपायची, पत्रा तापू नये म्हणून वर पऱ्हाट्या पसरायच्या. गुळगुळीत फरशी मात्र नको, बैल घसरतो.

पोळ्याला आपण बैलांची शिंगं रंगवतो, नाताळात गव्हाणीचा देखावा मांडतो. असिसीच्या संत फ्रान्सिसनी १२२३ साली ग्रेच्चोला तो मांडला, तेव्हा खराखुरा बैल आणि गाढव आणलं होतं. आपल्याकडे पुठ्ठ्याचा बैल हॉलमध्ये कोरडा आणि खरा बैल गळक्या छपराखाली, हे पटत नाही. सण एका दिवसाचा, गोठा वर्षभराचा. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा, पाऊस यायच्या आत, आधी गोठ्याचं छप्पर बघा.