क्षमा मिळालेल्या माणसाची साक्ष

उपवासकाळाच्या या अंकात जॉन न्यूटन यांची आठवण मुद्दाम काढतो आहोत. १७४८ साली अटलांटिकमधल्या वादळात त्यांनी देवाचा धावा केला, हे अनेकांनी प्रवचनांतून ऐकलेले असते. त्यानंतरही १७५४ पर्यंत ते गुलामांच्या व्यापारात होते, जहाजाचे कप्तानही झाले, हे मात्र सहसा गाळले जाते. ते गाळू नये. तळाशी साखळदंडांत जखडलेली माणसे आणि वर खलाशांसाठी रविवारची उपासना, असे ते जहाज चाले.

१७६४ मध्ये न्यूटन धर्मगुरू झाले. त्या व्यापाराविरुद्ध पुस्तिका लिहायला मात्र १७८८ उजाडले. साठी ओलांडलेल्या या माणसाने त्यात अंगठे चिरडणाऱ्या स्क्रूंबद्दलही लिहिले, स्वतः पाहिलेले म्हणून. पुढे संसदीय समितीसमोर साक्षही दिली.

पश्चात्ताप एकट्याने वाहिला की माणूस एकतर तो लपवतो, नाहीतर त्याखाली पिचून जातो. ख्रिस्ताने आपल्याला टाकलेले नाही, ही खात्री असली की लपवण्याची गरजच उरत नाही. न्यूटन यांची लाज गेली नव्हती, तसे त्यांनीच लिहून ठेवले आहे. पण त्या लाजेने त्यांचे तोंड बंद केले नाही. विल्यम विल्बरफोर्स या तरुण खासदाराला राजकारण सोडू नकोस, असा सल्ला त्यांनीच दिला होता. मार्च १८०७ मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली, तेव्हा न्यूटन हयात होते.