लेकरांच्या मनातली माया जपू या : मालेगावकरांना जाहीर आवाहन

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव शहर आणि तालुक्यातील सर्व पालक, शिक्षक, अंगणवाडी सेविका, बचत गटांच्या ताई, मंडळांचे कार्यकर्ते आणि वडीलधारी मंडळी यांना,

लेकराचा अभ्यास कसा चाललाय याची चौकशी आपल्याकडे घरोघर होते. पाढे पाठ झाले का, इंग्रजी वाचता येतं का, नवोदयच्या परीक्षेला बसवायचं का, हे आपण विचारतो आणि विचारायलाच हवं. पण त्याच लेकरानं मधल्या सुट्टीत कुणाला खेळातून वगळलं का, कुणाच्या बोलण्याची नक्कल करून हसलं का, रडणाऱ्या मुलाजवळ जाऊन बसलं का, हे फारसं कुणी विचारत नाही. हे प्रश्नही तितक्याच आस्थेनं विचारले जावेत आणि त्यासाठी घर, शाळा व गाव यांनी एकत्र यावं, म्हणून हे आवाहन.

आपल्या तालुक्यातल्या वर्गांत कोण कोण बसतं ते डोळ्यांपुढे आणा. मेडशी, शिरपूर, जऊळका, किन्हीराजा, डव्हा अशा गावांतली शेतकऱ्यांची आणि शेतमजुरांची मुलं. तांड्यावरून येणारी, घरी गोरमाटी बोलणारी मुलं. उर्दू शाळेत शिकणारी आणि संध्याकाळी त्याच गल्लीत सगळ्यांबरोबर खेळणारी मुलं. आई-बाप कामासाठी दूर गेले म्हणून आजीजवळ राहिलेली मुलं. आणि काही अशीही, ज्यांच्या बापानं कर्जापायी, नापिकीपायी जीव दिला. पश्चिम विदर्भानं हे दुःख वर्षानुवर्षं सोसलं आहे आणि वाशीम जिल्हा त्यातून सुटलेला नाही. असं लेकरू तेरवीनंतर शाळेत परत येतं, तेव्हा शेजारी बसणाऱ्याने त्याच्याशी कसं बोलायचं? आपण हे कुणालाच शिकवलेलं नाही. मग एखादं मूल नको तो प्रश्न विचारतं, दुसरं घाबरून लांब सरकतं, आणि ज्याला सोबतीची सर्वांत जास्त गरज असते तेच एकटं पडतं.

यात मुलांचं मन वाईट असतं असं मुळीच नाही. फेलिक्स वॉर्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या दोन संशोधकांनी 2006 मध्ये दीड वर्षाच्या बाळांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. मोठ्या माणसाच्या हातून वस्तू पडली आणि ती उचलायला त्याचा हात पोचेना, किंवा हात भरलेले असल्यानं त्याला कपाटाचं दार उघडता येईना, तर बहुतेक बाळं कुणी न सांगता मदतीला पुढे आली. 2008 मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. मदतीच्या बदल्यात ज्या बाळांना दर वेळी बक्षीस दिलं गेलं, ती बक्षीस बंद होताच इतरांपेक्षा कमी मदत करू लागली. म्हणजे माया लेकराजवळ उपजतच असते. तिला आमिष लागत नाही. तिला लागतात दोन गोष्टी : आपल्याशी कुणीतरी मायेनं वागणं, आणि दुसऱ्यासाठी काही करायची रोजची संधी.

आपल्याकडे नेमकी इथंच उणीव राहते. परिपाठाला सुविचार होतो, बोधकथा होते, प्रतिज्ञेत सगळ्यांशी सौजन्यानं वागण्याचं वचन मुलं दररोज देतात. पण वर्गात परतल्यावर ते वचन पाळून बघायला जागा आणि वेळ कुठे असतो? तो वेळ काढून दिला की काय होऊ शकतं, याची उदाहरणं महाराष्ट्रातच आहेत.

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली, हे आपण जाणतो. त्याआधी ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तिथलं छात्रालय सांभाळत होते. मुलांना शिस्तीवर व्याख्यान देण्याऐवजी ते त्यांच्या खोल्या झाडत, पसरलेलं सामान आवरून ठेवत. गुरुजी आपलं काम करतात हे बघून मुलं आपोआप कामाला लागत. पुढे 1947 मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांसाठी खुलं व्हावं म्हणून त्यांनी प्राणांतिक उपोषण केलं. मायाळू माणूस दुबळा असतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे उपोषण आठवावं. आईच्या पदराआड शिकलेली माया मोठेपणी अन्यायापुढे ठामपणे उभी राहिली.

दुसरं उदाहरण आपल्या काळातलं. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर शांतिलाल मुथ्था यांनी भारतीय जैन संघटनेतर्फे सुमारे 1200 भूकंपग्रस्त मुलांना पुण्याजवळ वाघोलीत आणून त्यांच्या शिक्षणाची सोय केली. त्यांच्याच फाउंडेशननं 2009 मध्ये बीड जिल्ह्यातल्या 500 जिल्हा परिषद शाळांत ‘मूल्यवर्धन’ हा कार्यक्रम सुरू केला, आणि पुढे राज्य शासनानं तो महाराष्ट्रभर नेला. त्याचा पाया संविधानातली मूल्यं हा आहे : न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता. पद्धत अगदी साधी आहे. मुलं जोडीनं बोलतात, गटात काम करतात, खेळ खेळतात, आपल्याला कशाचा राग येतो आणि कशानं बरं वाटतं ते सांगतात, आणि समोरच्याचं म्हणणं मध्ये न तोडता ऐकतात. शिक्षकाचं काम उपदेश करण्यापेक्षा हे घडवून आणण्याचं असतं. आपल्या तालुक्यातल्या अनेक गुरुजींना आणि मॅडमना ही पद्धत ठाऊक आहे. त्यांना आता पालकांची आणि गावाची साथ हवी आहे.

पालकांसाठीही मराठीत मोठं काम झालेलं आहे. पुण्यात शोभा भागवतांनी गरवारे बालभवन वाढवलं, तिथं स्पर्धेविना खेळणारी मुलं दिसतात. 1987 पासून ‘पालकनीती’ मासिकानं मुलांशी कसं बोलावं, कसं ऐकावं यावर सातत्यानं लिहिलं. आणि ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला सुरू केलेल्या कामातून दाखवून दिलं की शिक्षण थेट गरिबाच्या अंगणात नेता येतं. आज आपल्या प्रत्येक गावातली अंगणवाडी त्याच वाटेवर उभी आहे.

शिवाय आपली माती याबाबत कोरडी नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-तुपानं मळून त्याला जेवणाचं आवतण देणारी ही माणसं आहेत. डव्ह्याला नाथनंगे महाराजांच्या यात्रेत पंगती बसतात तेव्हा वाढणारे हात अनोळखी माणसालाही आग्रह करतात. भुकेल्याला अन्न आणि तहानलेल्याला पाणी हाच धर्म म्हणणारे गाडगेबाबा आपल्याच वऱ्हाडातले, आणि गावाला एकत्र बसवून प्रार्थना शिकवणारे तुकडोजी महाराजही इथलेच. ही शिकवण मुलांनी फक्त बघू नये, तिच्यात त्यांचे हात लागावेत, एवढीच आमची मागणी आहे.

तेव्हा पुढील गोष्टी प्रत्येकानं आपापल्या ठिकाणी सुरू कराव्यात, ही कळकळीची विनंती.

शिक्षकांना विनंती

1. पहिली ते आठवीसाठी शासनानं 2024 मध्ये ‘आनंददायी शनिवार’ सुरू केला आहे. त्यातला एक तास दर आठवड्याला या कामाला द्यावा. मुलांना गोल बसवावं, आठवड्यात कुणी कुणाला काय मदत केली हे त्यांनाच सांगू द्यावं. नंबर काढू नयेत, बक्षीस देऊ नये.
2. वर्गाचे नियम मुलांबरोबर बसून ठरवावेत. स्वतः ठरवलेला नियम मुलं जास्त मनापासून पाळतात.
3. जातीवरून, भाषेवरून, रंगावरून, अपंगत्वावरून किंवा घरच्या परिस्थितीवरून पडलेलं टोपणनाव वर्गात चालू देऊ नये. चिडवणाऱ्यालाही सगळ्यांसमोर लाजवू नये. दोघांशी वेगवेगळं बोलावं.
4. घरात दुःखद घटना घडलेलं मूल शाळेत परतण्याआधी वर्गाशी बोलावं. काय विचारू नये, कसं सोबत बसावं, डबा कसा वाटून घ्यावा, हे मुलांना नीट सांगितलं तर ती समजून घेतात.
5. काठी आणि अपमान, दोन्ही पूर्ण थांबावेत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी घातली आहे. मार खाऊन शिकलेलं मूल दुबळ्यावर हात उगारायलाच शिकतं.

पालकांना विनंती

1. लेकरू शाळेतून आलं की अभ्यासाच्या आधी विचारा : आज कुणाबरोबर खेळलास? आज कुणी एकटं होतं का? उत्तर ऐकताना मोबाइल बाजूला ठेवा.
2. घरात रोजचं एक काम दुसऱ्यासाठी करू द्या. आजीला पाणी नेऊन देणं, गोठ्यात चारा टाकणं, धाकटीची वेणी घालणं, चिमण्यांसाठी पाणी भरून ठेवणं. मुलगा आणि मुलगी यांत फरक करू नका. त्या कामाचे पैसे देऊ नका, मात्र ‘तुझ्यामुळं आजीला बरं वाटलं’ हे जरूर सांगा.
3. मजुराशी, भंगार घेणाऱ्याशी, दारात आलेल्या माणसाशी आपण कसे बोलतो, याकडे मुलाचं लक्ष असतं. नवरा-बायकोनं एकमेकांशी बोलतानाही हे ध्यानात ठेवावं. मूल सांगितलेलं विसरतं, पाहिलेलं विसरत नाही.
4. शेजाऱ्याच्या मुलाशी तुलना थांबवा. ‘त्याच्यापेक्षा पुढं जा’ असं रोज ऐकणारं लेकरू त्याच मुलाचा मित्र कसं होईल?
5. आपल्याच मुलानं कुणाला त्रास दिला असं कळलं तर पाठीशी घालू नका आणि मारूही नका. ज्याला दुखावलं त्याच्याकडे त्याला सोबत घेऊन जा, आणि झालेलं नीट कसं करायचं ते त्यालाच ठरवू द्या.

गावाला विनंती

1. कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला असतात. या समितीच्या बैठकीत इमारत, पोषण आहार आणि हजेरी यांच्याबरोबर ‘मुलांचं एकमेकांशी वागणं’ हा विषय कायम ठेवावा.
2. महिन्यातून एक संध्याकाळ शाळेत किंवा समाजमंदिरात पालक आणि शिक्षक यांनी तासभर एकत्र बसावं. भाषण नको, हारतुरे नकोत. आपापल्या घरातली अडचण सांगावी आणि एकमेकांना वाट दाखवावी. अंगणवाडी सेविका आणि आशाताई यांना आवर्जून बोलवावं, कारण प्रत्येक घराची नस त्यांना माहीत असते.
3. गुरुदेव सेवा मंडळं, भजनी मंडळं, गणेश मंडळं, मशिदी, विहारं आणि तांड्यावरची मंडळी यांनी मुलांना सेवेत बरोबरीनं घ्यावं. पंगतीत वाढणं, पाणपोईवर पाणी देणं, सणानंतर आवार झाडणं ही कामं सगळ्या वस्त्यांतल्या मुलांनी मिळून करावीत.
4. आजी-आजोबांनी आठवड्यातून एकदा शाळेत गोष्ट सांगायला यावं. मराठी, वऱ्हाडी, गोरमाटी, उर्दू, जी भाषा तोंडी असेल त्या भाषेत सांगावी. दुसऱ्याच्या घरची भाषा मानानं ऐकणं हाही मायेचाच धडा आहे.
5. कुठल्याही लेकराला मारहाण, छळ किंवा उपासमार होताना दिसली तर गप्प बसू नका. 1098 हा मोफत क्रमांक त्यासाठीच आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बजावलं होतं की बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता वरवरचीच राहतील. त्या बंधुतेचा पहिला सराव वर्गातल्या बाकावर होतो. जो मुलगा आज तांड्यावरून आलेल्या सोबत्याला आपल्या गटात घेतो, तो उद्या गावाच्या पाण्याच्या भांडणात समोरच्याचं ऐकून घेईल. जी मुलगी आज बाप गमावलेल्या मैत्रिणीजवळ बसते, ती उद्या खचलेल्या शेजाऱ्याच्या दारात वेळेवर पोचेल. नापिकीचं आणि कर्जाचं ओझं आपण लेकरांच्या हातांनी उतरवू शकत नाही. पण संकटात माणूस एकटा पडणार नाही असं गाव त्यांच्या हातून नक्की घडू शकतं.

या कामाला निधी लागत नाही, मंजुरी लागत नाही. आपल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना या आठवड्यात भेटा, ‘मी येतो’ किंवा ‘मी येते’ एवढं सांगा आणि पहिल्या बैठकीची तारीख ठरवा. 24 डिसेंबरला साने गुरुजींची जयंती असते. त्या दिवशी तालुक्यातल्या प्रत्येक शाळेत पालक-शिक्षकांची अशी एक तरी बैठक होऊन गेलेली असावी, असा निर्धार करू या. सुरुवात कुणी करायची याची वाट बघत बसू नका. ती तुम्हीच करा, आम्ही सोबत आहोत.

आपले नम्र,
मालेगाव तालुक्यातील काही पालक आणि शिक्षक