न मारलेला शॉट

माळेगावच्या यात्रेत कधी फुगे फोडलेत? नांदेडचे असाल तर नक्कीच. लातूरकर असाल तर सिद्धेश्वराच्या यात्रेत. तीच ती छऱ्याची बंदूक, दहा छर्रे, समोर रंगीबेरंगी फुगे आणि आपल्या नावावर जेमतेम दोन! मग दोष कुणाचा? अर्थात बंदुकीचा. स्टॉलवाल्याने नळीच वाकडी करून ठेवलीय, हे मी लहानपणापासून सगळ्यांना सांगत आलेय.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकने मात्र डोक्यात किडा सोडला. मनू भाकरने १० मीटर एअर पिस्तूलमध्ये ब्राँझ घेतलं. आपला स्वप्निल कुसाळे, कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा, रेल्वेत नोकरी करणारा, त्यानेही ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ आणलं. आणि तुर्कस्तानचे ते युसूफ दिकेच आठवतात? साधा टी-शर्ट, साधा चष्मा, एक हात खिशात आणि गळ्यात सिल्व्हर! आठवडाभर सगळ्यांच्या स्टेटसला तेच काका.

मला वाटलं, बॉस, हे तर आपल्यालाही जमेल. पुढच्या महिन्याचं मानधन आलं आणि मी एक स्वस्तातलं एअर पिस्तूल घेतलं. स्प्रिंगवालं. नळी दुमडायची, छर्रा भरायचा, मारायचा. मॅचची पिस्तुलं लाखाच्या पुढे जातात. हे माझ्या फोनपेक्षा स्वस्त.

कायद्याचा फंडा आधी क्लिअर करू. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतची नळी आणि २० ज्यूलपर्यंतची ताकद असलेल्या एअरगनला लायसन्स लागत नाही. दुकानदार ओळखपत्र मागतो, ते द्यायचं. पण लायसन्स नाही म्हणजे खेळणं आहे, असा अर्थ कुणी काढू नये. मी काढला होता. त्याचीच ही गोष्ट.

नांदेडला माझा वन बीएचके. तिथे छर्रा मारायचा प्रश्नच नाही, भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा पाळणा आहे. लातूरचं घर जुनं. मधोमध लांबलचक बोळ, मोजला तर बरोबर ३४ फूट. दहा मीटर म्हणजे ३३ फूट. घरबसल्या ऑलिंपिक रेंज! बोळाच्या टोकाला टार्गेट लावलं आणि दर शनिवार-रविवार माझं सुरू झालं.

बोळाच्या मध्यावर स्वयंपाकघराचं दार आहे, हे मला माहीत नव्हतं का? २७ वर्षं त्याच दारातून जेवायला जातेय मी.

तिसऱ्या रविवारी दुपारी पिस्तूल उचललेलं, बोट ट्रिगरवर, निम्मा दाब दिलेला. आणि आई चहाचा कप घेऊन त्या दारातून बाहेर आली. नळीच्या बरोबर समोर.

शॉट गेला नाही. का गेला नाही, ते मला आजही नीट सांगता येत नाही. बोट आपोआप बाहेर आलं, एवढंच.

आई म्हणाली, ‘‘काय करायलीस गं? लागलं असतं का मला?’’

मी म्हणाले, ‘‘नाही गं, साधा छर्रा असतोय.’’

साफ खोटं. या ‘साध्या’ छऱ्याने डोळा कायमचा जातो. मला ते माहीत होतं आणि तरी मी हसून चहा घेतला. त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी बोळातली रेंज बंद. घराच्या मागच्या बाजूला धान्याची खोली आहे, जेमतेम १८ फूट लांब. खिडकी नाही, दार एकच. आता त्या दारात मी उभी राहते. कुणीही आलं तरी माझ्या पाठीमागूनच येणार, समोर कुणी येऊच शकत नाही. घरात नेमबाजी करायची तर पहिला नियम हाच: आधी जागा आणि भिंत बघा, नेम नंतर. अशी जागा नसेल तर घरी छर्रा नकोच. जिल्हा क्रीडा कार्यालयात जाऊन जवळच्या रेंजची चौकशी करा.

अंतर निम्मं झालं म्हणून नेम सोपा होत नाही. पिस्तुलाच्या टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ फक्त साडेअकरा मिलिमीटरचं असतं. पाच मीटरसाठी झेरॉक्सवाल्याकडून टार्गेट ५० टक्के करून आणायचं, म्हणजे दहा उरतो पावणेसहा मिलिमीटरचा. टार्गेटमागे तेलाचा पत्र्याचा डबा, त्यात चिंध्या गच्च ठासलेल्या. त्याच्यामागे आजीची जुनी वाकळ टांगलेली, कारण चुकलेला छर्रा उघड्या भिंतीवर आपटून परत येऊ शकतो. डोळ्यांवर गॉगल हवाच. छर्रे शिशाचे असतात, म्हणून चहाच्या कपाला हात लावण्याआधी साबणाने हात धुवायचे. काम झालं की पिस्तूल कुलपात. स्टेटसला फोटो नाही, कारण लांबून ते खरंच दिसतं. आणि पोपट-साळुंक्यांवर नेम धरायचा विचार असेल तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा वाचा.

आता नेमाचं. एअर पिस्तूल एकाच हाताने मारायचं असतं. दिकेच काकांचा खिशातला हात स्टाइल म्हणून नव्हता. मोकळा हात हलला की अंग हलतं. नजर टार्गेटवर नाही, पिस्तुलाच्या फ्रंट साइटवर ठेवायची. टार्गेट धूसर दिसलं तरी चालतं. ट्रिगर ओढायचा नाही, हळूहळू दाबत न्यायचा. स्प्रिंगचं पिस्तूल छर्रा बाहेर पडायच्या आतच उडी मारतं, म्हणून शॉटनंतरही दोन सेकंद हात तसाच धरायचा. स्वस्त पिस्तुलाचा ट्रिगर दगडासारखा असतो, पण सवय चांगली लागते.

नांदेडच्या फ्लॅटमध्ये मी फक्त धरायचा सराव करते. नळी न दुमडता, छर्रा न भरता, कोऱ्या भिंतीसमोर एकेक मिनिट. (स्प्रिंगवालं पिस्तूल छऱ्याशिवाय मारू नका, आतलं सील खराब होतं.) हात थरथरतोच. सगळ्यांचा थरथरतो. थांबायची वाट बघत राहिलात तर दम संपतो, डोळा थकतो आणि मग आपण वैतागून ट्रिगर खेचतो. तो शॉट हमखास वाया.

म्हणून सगळ्यात अवघड गोष्ट ही: सात-आठ सेकंदांत जमलं नाही तर बोट बाहेर आणि हात खाली. तोंड टार्गेटकडेच ठेवून, न मारता. मॅचमध्ये ६० शॉट्सना सव्वा तास मिळतो, तो याचसाठी. आपल्याला ऑफिसमध्ये हे कुणी शिकवलेलं नसतं. मेल आला की रिप्लाय, बॉस बोलला की उत्तर, लगेच, तापलेल्या डोक्याने. मी तर त्यात गोल्ड मेडलिस्ट होते. हल्ली रागातला मेल टाइप करते आणि हात खाली घेते. दहापैकी सहा वेळा तरी.

स्कोअर विचारताय? गेल्या रविवारी दहा शॉट्समध्ये ७१. राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये पिस्तुलाचं गोल्ड आणलं, तिला माझ्यापासून तूर्तास धोका नाही.

त्याच संध्याकाळी आईला खरं सांगून टाकलं. लागलं असतं आई, डोळ्याला लागलं असतं.

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘मला तवाच कळलं होतं. कप घेताना हात कापायलता तुझा.’’

आता चहा तयार झाला की ती मागून हाक मारते. मी पिस्तूल ठेवते, हात धुते, मग जाते. चहा थोडा गार होतो. चालतंय.