'सहन कर, डिग्री घेऊन ये' हा सल्ला आता पुरत नाही

वीर स्टेशनावरून मुंबईची गाडी पकडणाऱ्या पोरापोरींना आमच्या वस्त्यांतली वडीलधारी माणसं एकच सांगतात : 'काही बोलले तरी सहन कर, डिग्री घेऊन ये.' सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेले आमचे एक काकाही हेच म्हणतात. त्यांच्या वेळी हॉस्टेलमध्ये पाण्याचा माठ वेगळा होता. वर्गात ते एकटे. तक्रार करायची कुणाकडे? त्यांनी सहन केलं, म्हणून आमच्या पिढीला डॉक्टर व्हायचं स्वप्न तरी पडलं. त्यांना आम्ही दोष देत नाही.

पण आज माठ वेगळा नसतो. आज केस मिळत नाही. शस्त्रक्रियेचं शिक्षण पुस्तकात नसतं, ते सीनियरच्या हातातून ज्युनियरच्या हातात येतं. आधी बघायचं, मग टाके घालायचे, मग सीनियर समोर उभा असताना स्वतः करायचं. कुणाला ओटीत उभं करायचं आणि कुणाला वॉर्डात कागद भरायला बसवायचं, हे सीनियर ठरवतो. त्याचा लेखी हुकूम कुठेच नसतो. तीन वर्षं गप्प राहून डिग्री मिळेलही, पण हात तयार होणार नाही. आणि मग तेच म्हणणार, 'बघा, कोट्यातले!'

डॉ. पायल तडवी आठवा. जळगाव जिल्ह्यातली आदिवासी तडवी भिल्ल समाजाची मुलगी, मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोग विभागात पीजी करत होती. 22 मे 2019 रोजी तिने जीव दिला. जातीवरून टोमणे, सगळ्यांसमोर अपमान आणि बाळंतपणाच्या केसेस करू न देणं, असे आरोप तीन सीनियर डॉक्टरांवर आहेत. निकाल न्यायालय देईल. पण घरच्यांचं म्हणणं आहे की आधी तोंडी तक्रार केली होती. महाराष्ट्रात रॅगिंगबंदीचा कायदा 1999 पासून आहे!

आणि हे एका रुग्णालयापुरतं नाही. दिल्लीच्या एम्सची चौकशी करणाऱ्या डॉ. सुखदेव थोरात समितीने 2007 मध्येच प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षांतला भेदभाव, हॉस्टेलमधला वेगळेपणा मांडला होता. नवी पिढी 'आता जात कुठे राहिली' म्हणते, तेव्हा हा अहवाल कुणी वाचलेला नसतो. सीनियर बहुधा थोड्याच वर्षांनी मोठा असतो. म्हणजे जुनी पिढी गेली की जात जाईल, हा हिशोबही चुकला.

25 डिसेंबर 1927 ला बाबासाहेब बोटीने याच दासगाव बंदरावर उतरले आणि महाडला चालत गेले. चवदार तळं कायद्याने 1924 पासूनच खुलं होतं. नगरपालिकेचा ठराव झालेला होता. ओंजळ भरायला मात्र 1927 ला माणसं जावी लागली. आज समान संधीचे नियम कागदावर आहेत. 2012 चे यूजीसीचे नियम राबवा म्हणून रोहित वेमुला आणि पायल यांच्या आयांना 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं.

आमचीही चूक आहे. पोराला एमबीबीएसला प्रवेश मिळाला की आपण बॅनर लावतो, विहारात सत्कार करतो. पुढे त्याला फोन कोण करतं? सत्काराला बोलावलंत, तर दर महिन्याला एवढं विचारा : या महिन्यात किती केसेस बघितल्या, किती स्वतः केल्या, तुझ्या बॅचच्या इतरांनी किती केल्या? आकडा तारखेसकट वहीत लिहून ठेवायला सांगा. तोंडी तक्रारीचं काय होतं ते नायरने दाखवलंय. तक्रार लेखी द्या, पोच घ्या, आणि पोच घ्यायला त्याला एकट्याला पाठवू नका.