टॅकसाठी कोणताही रॉड चालतो? नाही चालत!

फॅब्रिकेशनच्या धंद्यात एक वाक्य सर्रास ऐकू येतं: "टॅकच तर मारायचाय, कुठलाही रॉड घे." मग होतं काय, चांगला रॉड मिस्त्रीच्या हातात आणि हेल्परच्या हातात पेटीच्या तळाशी पडलेले, फ्लक्स उडालेले तुकडे. माझं मत स्पष्ट आहे. ही बचत नाही, तोटा आहे. आणि काही कामांत तर सरळ धोका आहे.

आधी टॅकचं काम समजून घ्या. वेल्ड थंड होताना आकसतो आणि पाइपला आपल्याकडे ओढतो. ही ओढ सहन करून माप धरून ठेवायचं काम टॅकचं. टॅक सुटला की गुण्यात बसवलेली फ्रेम तिरकी झालीच म्हणून समजा. दुसरी गोष्ट, टॅक नंतर कुठे जात नाही. त्याच्यावरूनच फायनल वेल्ड जातो. म्हणजे टॅकमधली चीर, छिद्र किंवा अडकलेला स्लॅग आत तसाच राहू शकतो, आणि वरून वेल्ड मात्र सुंदर दिसतो!

मग रॉड कोणता घ्यायचा? माझा नियम सोपा आहे: जो फायनल वेल्डचा रॉड, त्याच जातीचा टॅकचा रॉड. जाडी फक्त कामाप्रमाणे बदला.

गेट, ग्रिल, रेलिंग, हलकी शेड: इथे 6013. हा रॉड पटकन पेटतो, विझला तरी पुन्हा लगेच पेटतो, एसी-डीसी दोन्हीवर चालतो आणि स्लॅग सहज निघतो. टॅक म्हणजे सारखं पेटव आणि विझव, त्यामुळे हा गुण फार मोठा. साइज 2.5 मिमी, म्हणजे आपला बारा नंबर. करंट साधारण 60 ते 90 अँपिअर. पाकिटावर छापलेला आकडा बघून आपल्या मशीनवर जुळवा. सोळा गेजच्या पाइपवर दहा नंबरचा रॉड लावला की भोक पडतं, आणि भोक बुजवण्यात टॅकपेक्षा जास्त वेळ जातो.

मेझनाइन, जाड प्लेट, कॉलम, ज्यावर माणसं किंवा माल राहणार असं काम: ड्रॉइंगमध्ये 7018 लिहिलं असेल तर टॅकही 7018 नेच. इथे बरेच जण "टॅक 6013 ने, वरून 7018" असं करतात. मला हे अजिबात पटत नाही. जाड प्लेटवरचा छोटा टॅक फार झटकन थंड होतो, जागा कडक होते, आणि त्यात हायड्रोजन शिरला तर चीर जाते. 7018 हा लो हायड्रोजन रॉड आहे, तो वापरायचा तो यासाठीच. अमेरिकेचं स्ट्रक्चरल कोड एडब्ल्यूएस डी1.1 सुद्धा सांगतं, की फायनल वेल्डमध्ये राहणारा टॅक फायनल वेल्डच्या अटीत बसणाऱ्या रॉडनेच मारायचा. आणि जाड प्लेटवर शेंगदाण्याएवढा ठिपका नको, चांगला लांब टॅक मारा.

आता उलट बाजू. "7018 भारी ना, मग सगळीकडे तोच वापरू" हेही चुकीचं. एकदा विझला की त्याच्या टोकावर काचेसारखी पापडी जमते, ती झटकल्याशिवाय पुन्हा नीट पेटत नाही. सुरुवातीलाच छिद्रं पडू शकतात. साध्या ट्रान्सफॉर्मर मशीनवर तो अडखळतो, डीसीवर रॉड पॉझिटिव्हला लावून चांगला चालतो. शिवाय त्याला ओलावा चालत नाही. पाकीट फोडलं की तो ओव्हनमध्ये साधारण 120 ते 150 अंशांवर ठेवावा लागतो. आपल्याकडे कोकणात, मुंबईत पावसाळ्यात उघड्या पाकिटातला 7018 वापरणं म्हणजे लो हायड्रोजनचे पैसे मोजून हायड्रोजनच विकत घेणं. ओव्हन नसेल तर तेवढं काम तयारी करूनच घ्या.

आता हिशोब करू. समजा एका गेटला 40 टॅक आहेत. खराब रॉडमुळे प्रत्येक टॅकला पुन्हा पेटवणं, ग्राइंडर मारणं यात एकच मिनिट जादा गेलं, तरी 40 मिनिटं गेली. त्यात हेल्परची मजुरी, वीज आणि डिस्कची झीज धरा. तुमच्या गावच्या भावाने आकडे टाका आणि चार चांगल्या रॉडच्या किमतीशी ताडून बघा. साइटवर गेट बसलं नाही आणि पेमेंट अडकलं, ते तर वेगळंच.

म्हणून माझं म्हणणं, हा प्रश्न हेल्परचा नाही, मालकाचा आहे. हेल्पर त्याच्या हाताला जे लागेल तेच वापरणार. टॅकसाठी 2.5 मिमीचा वेगळा डबा ठेवा, झाकणाचा, कोरडा. 6013 आणि 7018 कधीही एका डब्यात नको. फ्लक्स उडालेला रॉड सरळ भंगारात. आणि जॉबकार्डवर एक ओळ लिहा: टॅकचा रॉड कोणता.

पटत नसेल तर उद्याच करून बघा. भंगारातल्या दोन पट्ट्या टी आकारात उभ्या करून एका बाजूला टॅक मारा. एक जोडी चांगल्या रॉडने, एक तुकड्याने. थंड झाल्यावर हातोडीने पाडा आणि तुटलेली जागा नीट बघा. मुळापर्यंत धातू भरलाय का? छिद्रं आहेत का? स्लॅग अडकलाय का? हेल्परलाही शेजारी उभं करा. माझ्या दहा व्हिडिओंपेक्षा तो तुटलेला टॅक जास्त शिकवेल.