शब्दांच्या दोन पाती

चिरंजीवांची ट्रान्सफर झाली, डॉक्टरांनी इंदूरला रेफर केले, दुकानात ऑफर आहे, साहेब कॉन्फरन्सला गेले, शेतात फर्टिलायझर टाकले. धार आणि देवास येथील मराठी घरांत ही वाक्ये आता इतकी रुळली आहेत की, त्यांतील पाहुणे शब्द कोणाच्या कानाला खुपत नाहीत. ते खुपावेत असा आमचा आग्रहही नाही. आम्हाला खंत आहे ती निराळीच. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाणारी आमची नातवंडे हे पाच शब्द पाच वेगवेगळ्या स्पेलिंगांसह पाच वेळा पाठ करतात; आणि घरातील आजी-आजोबा, ‘हे आपले काम नव्हे’ असे समजून पुस्तकापासून दूर बसतात. वस्तुतः या अभ्यासात आजीच्या मराठीचा वाटा मोठा आहे.

हे पाचही शब्द एकाच मुळापासून फुटलेले आहेत. लॅटिन भाषेत ‘फेर्रे’ म्हणजे वाहणे, वाहून नेणे. त्यामागे ‘ट्रान्स’, म्हणजे पलीकडे, हा उपसर्ग लागला की पलीकडे वाहून नेणे, अर्थात बदली. ‘रि’ लागला की मागे किंवा परत नेणे; म्हणून रोगी एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे सोपविला जातो. ऑफर म्हणजे समोर आणून ठेवणे, कॉन्फरन्स म्हणजे एकत्र आणणे. सफर म्हणजे भाराखाली राहून तो वाहणे, आपल्या भाषेत सोसणे. जी जमीन पीक वाहते, धारण करते, ती फर्टाइल. तिला तसे करणारे ते फर्टिलायझर. एक धातू आणि चार-सहा उपसर्ग ध्यानात ठेवले की शब्दांची अख्खी माळ हाती येते. ‘प्र, परा, अप, सम्’ अशी उपसर्गांची यादी ज्यांनी बाळपणी घोकली आहे, त्यांना ही रीत नवी वाटू नये.

परंतु याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. लॅटिनमधील हा ‘फेर्रे’ आपल्या संस्कृतातील ‘भृ’ धातूचा सख्खा भाऊ आहे. भार, भरण, भर्ता, भृत्य, आभार हे सारे त्याच धातूचे. सम् आणि भृ मिळून ‘संभार’ होतो, म्हणजे एकत्र आणलेली सामग्री. कॉन्फरन्सची घडण नेमकी अशीच आहे. संस्कृतात ‘भरति’, लॅटिनमध्ये ‘फेर्त’. संस्कृतात ‘भरन्ति’, लॅटिनमध्ये ‘फेरुन्त’. हा केवळ योगायोग नव्हे. संस्कृतातील आरंभीच्या ‘भ’च्या जागी लॅटिनमध्ये ‘फ’ येतो आणि खुद्द इंग्रजीच्या मूळ शब्दांत ‘ब’ येतो, असा नियमच आहे. भ्रातृ, फ्रातेर, ब्रदर ही त्याची प्रसिद्ध साखळी. वाहणे या अर्थाचा इंग्रजी ‘बेअर’ आणि ओझे या अर्थाचा ‘बर्डन’ हेही ‘भृ’चेच नातलग आहेत.

यावरून इंग्रजी संस्कृतातून निघाली असे म्हणण्याचा मोह काहींना होतो. तो आवरलेला बरा. देवासकरांना ही गोष्ट समजावून सांगण्यास फार सायास नकोत. तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंपासून देवासला थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन घराणी झाली. १९४८ मध्ये मध्यभारतात विलीन होईपर्यंत एकाच गावात दोन गाद्या नांदल्या. पण एक पाती दुसरीपासून जन्मली असे कोणी म्हणत नाही. दोहोंचा मूळपुरुष एक. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्यास सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांविषयी हेच सांगितले: या तिघी एकाच उगमातून आल्या असाव्यात आणि तो उगम कदाचित आज उरलेला नसावा.

‘फेर्रे’चे आणखी एक वैशिष्ट्य आपल्याला घरच्यासारखे वाटेल. मराठीत ‘जातो’चा भूतकाळ ‘जाला’ होत नाही, ‘गेला’ होतो. दुसरा धातू मदतीला धावतो. तसेच लॅटिन ‘फेर्रे’चे भूतकालवाचक रूप ‘लातुम’, आणि ते आपल्या ‘तुला’ व ‘तोलणे’ यांच्या कुळातील. म्हणून ट्रान्सफर आणि ट्रान्सलेट हे मुळात एकाच क्रियापदाची दोन रूपे आहेत. रेफर आणि रिलेटिव्ह यांचेही तसेच. भाषांतर ही शब्दांची बदली, असे कोणी म्हटले तर ते अक्षरशः खरे आहे.

मात्र सारखेपणा म्हणजे नाते नव्हे. इंटरफिअर हा शब्द या कुटुंबात शोभून दिसतो, पण त्याचे मूळ ‘मारणे’ या अर्थाच्या वेगळ्याच लॅटिन धातूत आहे. देवासच्या नावातील ‘देव’ लॅटिन ‘देउस’चा आणि इंग्रजी ‘डिव्हाइन’चा आप्त खरा, पण थिऑलॉजीतील ग्रीक ‘थेओस’ दिसायला जवळचा असूनही त्याचा कोणी नव्हे. नाते उच्चारनियमांनी सिद्ध व्हावे लागते, कानाच्या भरवशावर नव्हे.

आणि व्याकरणाची परंपरा शोधण्यास धारकरांनी दूर कशाला जावे? भोजराजाच्या नावावर सहा हजारांहून अधिक सूत्रांचे ‘सरस्वतीकंठाभरण’ हे व्याकरण आहे. धारच्या भोजशाळा-कमाल मौला वास्तूत सर्पाच्या वेटोळ्यांत वर्णमाला आणि नामा-क्रियापदांचे प्रत्यय कोरलेले लेख आहेत. १९०३ च्या सुमारास तेथील शिलालेखांकडे विद्वानांचे लक्ष वेधणारे काशिनाथ कृष्ण लेले हे धार संस्थानच्या शिक्षणखात्याचे मराठी अधिकारी होते. प्रत्यय दगडावर कोरून ठेवावेत इतके मोल ज्या गावाने व्याकरणाला दिले, तेथील मुलांनी शब्द केवळ घोकावेत, हे शोभत नाही.

आमची सूचना साधी आहे. नातवंडाने नवा इंग्रजी शब्द आणला की त्याची फोड कोशात पाहावी आणि त्याच अर्थाचा घरातला शब्द शेजारी मांडावा. ‘बर्डन’शेजारी ‘भार’ बसला की मुलाचे इंग्रजी पक्के होईल, आणि जी मराठी आज अनेक घरांत स्वयंपाकघरापुरती उरली आहे, तिला अभ्यासाच्या मेजावर जागा मिळेल. दोन्ही पाती मग एकाच घरात नांदू लागतील.